नाकापेक्षा मोती जड नको : स्पोर्ट्‌स कारचा क्लच निवडताना



मागच्या महिन्यात टायरबद्दल लिहिलं होतं. ते वाचून मेलबर्नहून एका वाचकाचा मेल आला. शिक्षण बडोद्यात, एम. एस. युनिव्हर्सिटीत. आता नोकरी तिकडे, आणि आजी-आजोबा अजून दांडिया बाजारातल्या जुन्या घरात. त्याचा प्रश्न थोडक्यात असा :

"काका, सहा महिन्यांपूर्वी सेकंडहँड माझदा एमएक्स-५ घेतली. १९९९ चं मॉडेल, १.८ लिटरचं इंजिन, पाच गिअर. इंजिनमध्ये काहीही बदल केलेला नाही. हल्ली चढावर पाचव्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनचा आवाज वाढतो, आरपीएमचा काटा वर जातो, पण गाडी तेवढी पळत नाही. गॅरेजवाला म्हणतो, क्लच गेला. त्याने तीन किट सुचवले आहेत. एक कंपनीच्या मूळ क्लचसारखा साधा, दुसरा 'स्टेज १' आणि तिसरा सिरॅमिकचा 'स्टेज ३'. मित्र म्हणतात, एकदाच खर्च करायचाय तर सगळ्यात दणकट घे. मी रोज याच गाडीने ऑफिसला जातो, वर्षातून दोन-तीनदा ट्रॅकवर. आई म्हणते, गाडीच विकून टाक. काय करू?"

आईच्या मताला उत्तर देणं माझ्या अधिकारात नाही. क्लचचं मात्र सविस्तर सांगतो, कारण हा प्रश्न एकट्या त्याचा नाही. इथे बडोद्यातही टर्बो हॅचबॅक घेऊन तिचं ट्यूनिंग करणारी बरीच मुलं आहेत, आणि "सगळ्यात दणकट घे" हा सल्ला त्यांनाही रोज मिळतो.

ज्यांना ही गाडी माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. एमएक्स-५ पहिल्यांदा लोकांसमोर आली ती फेब्रुवारी १९८९ मध्ये, शिकागोच्या मोटर शोमध्ये. अमेरिकेत तिला मियाटा म्हणतात. दोनच माणसांची, वजनाला हलकी, वरचं छप्पर उघडणारी, इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांना. २०१६ मध्ये तिने दहा लाखांचा आकडा पार केला. दोन सीटच्या स्पोर्ट्‌स कारमध्ये हा विक्रमच आहे. या गाडीची मजा तिच्या ताकदीत नाही, हलकेपणात आहे. क्लच निवडताना हे विसरायचं नाही.

क्लचला सरकताही आलं पाहिजे

इंजिनच्या मागे एक जड लोखंडी चाक असतं, ते फ्लायव्हील. त्याला प्रेशर प्लेट बोल्टने घट्ट बसवलेली असते. या दोघांच्या मध्ये क्लच प्लेट. तिच्या दोन्ही बाजूंना लायनिंग असतं आणि तिच्या मधल्या दातांत गिअरबॉक्सचा शाफ्ट बसतो. पाय पेडलवर नसताना प्रेशर प्लेटमधली डायफ्रॅम स्प्रिंग क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरते आणि इंजिनचा जोर गिअरबॉक्सकडे जातो. पेडल दाबलं की रिलीज बेअरिंग त्या स्प्रिंगच्या मधल्या पात्यांवर दाब देतं, पकड सुटते आणि गिअर बदलता येतो.

म्हणजे क्लचची कामं तीन. धरणं, सोडणं आणि या दोन्हींच्या मधलं सरकणं. "दणकट घे" म्हणणारे फक्त पहिल्या कामाबद्दल बोलत असतात. गाडी जागेवरून हलते तेव्हा इंजिन फिरत असतं आणि चाकं थांबलेली असतात. या दोन वेगांचा मेळ क्लच थोडं घासून, थोडं सरकून घालतो आणि त्यात उष्णता तयार होते. ढोबळ हिशोब करू. चालकासकट ११०० किलोची गाडी ताशी २० किलोमीटरपर्यंत नेताना साधारण १७ किलोज्यूल ऊर्जा गाडीच्या वेगात जाते आणि जवळपास तेवढीच क्लचमध्ये उष्णता होऊन जाते. एवढ्यात अर्धा कप पाणी चाळीसेक अंशांनी तापेल. एका सिग्नलला एकदा. आता ऑफिसच्या वाटेवरचे सिग्नल मोजा.

म्हणून रोजच्या रस्त्यावर चांगला क्लच कोणता, तर जो पूर्ण जोरात घट्ट धरतो आणि सिग्नलवर मऊपणे सरकतो तो. या दोन गुणांत ओढाताण असते. एक वाढवला की दुसरा थोडा कमी होतो. क्लचची निवड म्हणजे या ओढाताणीत आपण कुठे उभं राहायचं ते ठरवणं.

आधी खात्री : नक्की गेलंय काय?

पैसे काढण्याआधी निदान पक्कं करावं. क्लचच्या तक्रारी चार प्रकारच्या असतात आणि प्रत्येकीचा इलाज वेगळा असतो.

पहिली, स्लिप होणं. वरच्या गिअरमध्ये, २०००-२५०० आरपीएमवर, मोकळ्या चढावर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. काटा झटकन वर गेला आणि वेग तेवढा वाढला नाही, तर क्लच सरकतोय. आपल्या वाचकाची तक्रार हीच आहे. लायनिंग झिजलेलं असतं किंवा त्यावर तेल आलेलं असतं. तेल आलं असेल तर ते बहुतेक वेळा इंजिनच्या मागच्या सीलमधून येतं. ते सील न बदलता नवा क्लच घातला, तर नवा क्लचही थोड्याच दिवसांत तेलात भिजतो.

दुसरी, पूर्ण न सुटणं. पेडल तळाला लावूनही गिअर करकर करत पडतो, रिव्हर्स तर पडतच नाही. हा दोष पुष्कळदा क्लच प्लेटचा नसतो, हायड्रॉलिकचा असतो. एमएक्स-५ मध्ये स्लेव्ह सिलिंडर गळणं ही जुनी, सर्वांना माहीत असलेली तक्रार आहे. तो गिअरबॉक्सच्या बाहेर बसवलेला असतो. गिअरबॉक्स न उतरवता, क्लचच्या मानाने फार थोड्या खर्चात बदलता येतो. पेडल भुसभुशीत लागत असेल, तेलाच्या डबीतली पातळी उतरत असेल, तर आधी इकडे बघा.

तिसरी, गाडी उचलताना थरथरणं. फ्लायव्हीलवर उष्णतेचे डाग, लायनिंगवर तेल किंवा इंजिनची झिजलेली रबरी माउंटिंग, यांपैकी काहीही कारण असू शकतं.

चौथी, आवाज. पेडल दाबल्यावर घरघर सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंगवर संशय घ्यावा. पेडल सोडल्यावर आवाज येत असेल आणि दाबल्यावर थांबत असेल तर बहुधा गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग.

अजून एक खूण. डायफ्रॅम स्प्रिंगचा स्वभाव असा, की लायनिंग झिजत जातं तसं पेडल हलकं होत नाही, उलट जड होत जातं. गाडी जुनी आहे म्हणून पेडल जड, अशी समजूत करून घेऊ नका. ते क्लचचं वय बोलत असतं.

हिशोब चार आकड्यांचा

क्लच किती जोर धरू शकेल हे चार गोष्टींवर ठरतं. घासणाऱ्या बाजू किती (एका प्लेटला दोन), लायनिंगचा घर्षणांक किती, प्रेशर प्लेट किती जोराने दाबते आणि तो दाब मध्यापासून सरासरी किती अंतरावर पडतो. या चारींचा गुणाकार म्हणजे क्लचची क्षमता.

१.८ लिटरच्या एमएक्स-५ ची क्लच प्लेट २१५ मिलिमीटर व्यासाची. सरासरी त्रिज्या साधारण ९ सेंटिमीटर, म्हणजे ०.०९ मीटर धरू. साध्या ऑरगॅनिक लायनिंगचा घर्षणांक ०.३ धरू. दाब समजा ४५०० न्यूटन. मग २ × ०.३ × ४५०० × ०.०९ म्हणजे २४३ न्यूटन-मीटर. या इंजिनचा जास्तीत जास्त टॉर्क १६० न्यूटन-मीटरच्या आसपास. दाबाचा आणि घर्षणांकाचा आकडा मी समजावण्यापुरता घेतला आहे, पण मुद्दा खरा आहे. साध्या, चांगल्या क्लचमध्येच इंजिनच्या टॉर्कपेक्षा पुरेशी जास्त पकड ठेवलेली असते. लायनिंग तापलं, थोडं झिजलं, तरी काम चालावं म्हणून.

या गुणाकारात लायनिंगचं क्षेत्रफळ कुठेच नाही, हे लक्षात आलं का? लायनिंग जास्त म्हणजे पकड जास्त, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. क्षेत्रफळ जास्त असलं की उष्णता पसरते आणि आयुष्य वाढतं. पकड मात्र दाब, घर्षणांक आणि त्रिज्या यांवरच ठरते.

पकड वाढवायचे मार्गही मग तीनच उरतात, आणि प्रत्येकाची किंमत वेगळी.

दाब वाढवला, तर पेडल जवळजवळ त्याच प्रमाणात जड होतं. शिवाय तुम्ही पेडल दाबता तेव्हा तो सगळा जोर इंजिनच्या क्रँकशाफ्टला पुढे ढकलतो आणि थ्रस्ट बेअरिंगवर येतो. म्हणजे क्लच वाचवला आणि भार इंजिनच्या पोटात नेऊन ठेवला.

घर्षणांक वाढवला, म्हणजे लायनिंग बदललं, तर पेडल तसंच राहतं, पण गाडी उचलताना झटका बसतो.

त्रिज्या वाढवणं हा सगळ्यात सभ्य मार्ग. एमएक्स-५ च्या सुरुवातीच्या १.६ लिटर मॉडेलचा क्लच २०० मिलिमीटरचा होता. पुढे १.८ आली तेव्हा तो २१५ झाला. जुन्या १.६ चे मालक क्लच बदलायची वेळ आली की १.८ चं फ्लायव्हील आणि क्लच बसवून घेतात. पेडल नरमच राहतं आणि पकड वाढते. कंपनीनेच बनवलेला मोठा भाग आपल्या गाडीला बसत असेल, तर बाहेरचा "स्टेज" शोधण्याआधी त्याची चौकशी करावी.

'स्टेज' हा शब्द आणि त्यामागचा आकडा

स्टेज १, २, ३ हे कोणत्याही प्रमाण संस्थेने ठरवलेले दर्जे नाहीत. प्रत्येक उत्पादक आपापल्या सोयीने ते वापरतो. एकाचा स्टेज २ दुसऱ्याच्या स्टेज १ पेक्षा नरम असू शकतो. म्हणून विक्रेत्याला स्टेज विचारू नका. हे चार प्रश्न विचारा : हा क्लच किती टॉर्क धरतो? तो आकडा इंजिनवरचा की चाकांवरचा? लायनिंग कशाचं? मधल्या भागाला स्प्रिंग आहेत का?

आकडा विचारलात तर एकक पण विचारा. अमेरिकन कॅटलॉगमध्ये टॉर्क पाउंड-फुटांत असतो. १ पाउंड-फुट म्हणजे १.३५६ न्यूटन-मीटर. तिथला २०० म्हणजे आपला २७१. आणि हॉर्सपॉवर बघून क्लच घेऊ नका. क्लचला टॉर्क कळतो, हॉर्सपॉवर कळत नाही.

आता लायनिंग. ऑरगॅनिक म्हणजे काचेचे तंतू, राळ, रबर आणि बहुधा पितळेची किंवा तांब्याची तार यांचं मिश्रण. मऊ लागतं, सहज सरकतं, फ्लायव्हीलला त्रास देत नाही. खूप तापलं तर मात्र पकड सैल होते आणि जळका वास येतो. रोजच्या गाडीसाठी हेच.

केव्हलारचं लायनिंग खूप टिकतं आणि उचलतंही मऊ. पण त्याला सुरुवातीला सांभाळून चालवून बसवावं लागतं. एकदा फार तापून त्याला चकाकी आली की मूळ पकड परत येणं कठीण.

सिरॅमिक म्हणतात ते खरं तर बहुतांश धातूच असतं. तांबं, लोखंड अशा धातूंची पूड आणि थोडं सिरॅमिक दाबून, भाजून केलेल्या चकत्या. प्लेटभर लायनिंगच्या जागी तीन, चार किंवा सहा चकत्या. प्रचंड उष्णता सोसतं. पण मधली पायरीच त्याला माहीत नाही, एक तर सुटलेलं नाही तर धरलेलं. आपल्या म्हणीसारखं, धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. ट्रॅफिकमध्ये इंच इंच पुढे सरकायचं असेल तर मानेला हिसके आणि फ्लायव्हीलची झीज.

मग हे वाईट का? मुळीच नाही. जड ट्रकमध्ये सिरॅमिक बटणांचे क्लच सर्रास असतात. आपल्या बडोदा-गोध्रा रस्त्यावर कालोलला सेटकोचा कारखाना आहे. ट्रकचे क्लच हा त्यांचा मुख्य धंदा, लाइप हे नाव तुम्ही ट्रकच्या स्पेअरच्या दुकानात वाचलं असेल. ट्रकचा ड्रायव्हर खूप खालच्या गिअरमध्ये गाडी उचलतो, त्याच्या मागे कित्येक टन ओझं असतं. हलक्या गाडीची नजाकत हे त्याच्या क्लचचं कामच नाही. रेसच्या गाडीचंही तेच, तिला सिग्नलला थांबायचं नसतं. जिथलं काम तिथला क्लच.

मधल्या भागातल्या स्प्रिंग विसरू नका. इंजिनचा जोर सलग येत नाही, ठोक्याठोक्याने येतो. त्या स्प्रिंग हे ठोके गिळतात. वजन वाचवण्यासाठी काही रेसिंग प्लेटमध्ये त्या नसतात. मग गिअरबॉक्स खडखडतो आणि त्याच्या दातांवर ताण येतो.

खरा खर्च गिअरबॉक्स उतरवण्याचा

एमएक्स-५ मध्ये गिअरबॉक्स आणि मागचा डिफरन्शियल यांना जोडणारी ॲल्युमिनियमची एक लांब चौकट असते. ती, प्रोपेलर शाफ्ट, गिअर लिव्हर हे सगळं काढून मग गिअरबॉक्स खाली येतो. दिवसभराचं काम. तिकडे मजुरी महाग, त्यामुळे बिलात मोठा वाटा मजुरीचा असणार. एकदा उघडलंच आहे तर पुन्हा उघडायला लागू नये, हे बघावं :

क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकत्रच बदला. नुसती प्लेट बदलण्याची काटकसर फार महागात पडते.

फ्लायव्हीलच्या मधलं पायलट बेअरिंग नवं घाला. छोटा भाग आहे, पण तेवढ्यासाठी पुन्हा गिअरबॉक्स उतरवावा लागतो.

इंजिनचं मागचं सील आणि गिअरबॉक्सचं पुढचं सील बघा. ओल दिसली तर बदलाच.

फ्लायव्हीलचं मशीनिंग करून घ्या. निळे डाग, बारीक भेगा असतील तर वर्कशॉपला दाखवून ठरवा. भेगा खोल असतील तर ते टाकून द्यावं.

याच वेळी कोणीतरी हलकं फ्लायव्हील सुचवेल. निम्म्या वजनाचं घातलं तर इंजिन चटकन आरपीएम घेतं, ट्रॅकवर गिअर उतरवताना मजा येते. पण गाडी उचलताना इंजिन सहज बंद पडतं आणि रिकाम्या गिअरमध्ये खडखड वाढते. रोजच्या ऑफिसच्या गाडीत मी तरी मूळचंच ठेवीन. ज्यांच्या गाडीत ड्युअल-मास फ्लायव्हील आहे, म्हणजे ज्यात दोन भागांच्या मध्ये स्प्रिंग असतात, त्यांनी तर साधं फ्लायव्हील बसवण्याआधी दहादा विचार करावा. ठोके गिळण्याचं काम तिथे फ्लायव्हीलच करत असतं. एमएक्स-५ ला तो प्रश्न नाही.

भाग कोणाचा घ्यायचा? मूळ गाड्यांना क्लच पुरवणारे मोठे उत्पादक जगात मोजकेच. जपानचा एक्सेडी, जर्मनीचे लुक आणि झाक्स, फ्रान्सचा व्हॅलिओ. ऑस्ट्रेलियात एक्सेडी सहज मिळतो. योगायोग म्हणजे याच एक्सेडीचा कारखाना आपल्या मराठवाड्यात, पूर्वीच्या औरंगाबादला म्हणजे छत्रपती संभाजीनगरला आहे. जुने लोक त्याला सीके डायकिन म्हणून ओळखत. कोणताही घ्या, पण अधिकृत विक्रेत्याकडून घ्या. क्लचचे नकली खोके आपल्याकडेही असतात आणि तिकडे ऑनलाइनही. दर फारच कमी दिसला की समजून जावं.

बसवताना आणि बसवल्यावर

मेकॅनिक तुमच्यापेक्षा जाणता असतो, पण काही गोष्टी शेजारी उभं राहून बघाव्यात. नवी प्लेट बसवण्याआधी गिअरबॉक्सच्या शाफ्टवर सरकवून बघा, दात जुळतात ना. शाफ्टवर ग्रीस अगदी बोटाच्या टोकावर मावेल एवढंच. जास्त लावलं तर ते उडून लायनिंगवर जातं. तेलकट हात लायनिंगला लागू देऊ नका. प्लेट मध्यावर बसवायला मार्गदर्शक दांडी वापरा. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळा. आणि गिअरबॉक्स परत चढवताना त्याचं वजन क्षणभरही क्लच प्लेटवर लोंबकळू नये. प्लेट तिथेच वाकते आणि मग "नवा क्लच नीट सुटतच नाही" अशी तक्रार घेऊन आपण परत येतो.

एक गोष्ट जिवाशी संबंधित आहे, म्हणून ठासून सांगतो. जुना क्लच उघडल्यावर आत काळी धूळ साठलेली असते. ती हवेच्या नळीने फुंकायची नाही. आपल्या गॅरेजमध्ये हे रोज दिसतं. जुन्या लायनिंगमध्ये ॲसबेस्टॉस असायचं आणि त्याची धूळ फुप्फुसात गेली तर पुढे कित्येक वर्षांनी प्राणघातक रोग होऊ शकतो. ऑस्ट्रेलियात त्याच्या वापरावर ३१ डिसेंबर २००३ पासून संपूर्ण बंदी आहे, पण तुझी गाडी त्याच्या आधीची. आत कोणता क्लच आहे ते कळायला मार्ग नाही. धूळ ओल्या फडक्याने पुसायची, फडकं पिशवीत बांधून टाकायचं आणि तोंडावर चांगला मास्क. इथे गॅरेजमध्ये काम करणाऱ्या पोराला पण हे सांगा. त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

नवा क्लच लगेच ताणू नका. बहुतेक उत्पादक साधारण ५०० मैल, म्हणजे ८०० किलोमीटर शहरात नेहमीसारखं चालवायला सांगतात. पूर्ण ॲक्सिलरेटर नाही, झटक्याने उचलणं नाही. हायवेवर एका गिअरमध्ये ८०० किलोमीटर पळवून उपयोग नाही, कारण लायनिंग बसतं ते गाडी उचलताना आणि गिअर बदलताना. म्हणजे ऑफिसचे सिग्नल इथे कामाला येतात.

आणि सवयी. सिग्नलला गिअर काढून पाय पेडलवरून उचला. चढावर हाफ क्लचवर गाडी तोलू नका, हँडब्रेक त्यासाठीच आहे. गिअर बदलून झाल्यावर पाय पेडलवर ठेवून बसू नका.

इथल्या ट्यूनिंगवाल्यांसाठी

आता आपल्या बडोद्याच्या मुलांकडे वळतो. इथला प्रश्न उलटा आहे. मेलबर्नच्या गाडीत इंजिन मूळचं आहे आणि क्लच दणकट घालायचा मोह. इथे इंजिनचं सॉफ्टवेअर बदलून झालेलं असतं आणि क्लचचा विचार नंतर येतो.

एक लिटरचं टर्बो इंजिन, मूळ टॉर्क समजा १७५ न्यूटन-मीटर. रीमॅप करून तो २३० च्या पुढे नेला. टर्बोचा हा टॉर्क खालच्या आरपीएमलाच येतो. म्हणून एक्स्प्रेसवेवर वरच्या गिअरमध्ये ओव्हरटेक करताना पहिल्यांदा क्लच सरकतो. हा क्लचचा दोष नव्हे. १७५ साठी निवडलेला भाग तुम्ही २३० ला जुंपलात. राखीव पकड तुम्ही खाल्लीत आणि थोडी झीज झाल्याबरोबर बिल आलं.

इथे जरा जास्त क्षमतेचा क्लच घेणं रास्त आहे. पण तोही हिशोबाने. ऑरगॅनिक लायनिंग, स्प्रिंगची प्लेट, थोडी जोरदार प्रेशर प्लेट आणि लेखी टॉर्कचा आकडा. ट्यूनिंगचा खर्च मोजताना क्लचचा खर्च त्याच कागदावर लिहा. तो परवडत नसेल तर ट्यूनिंग परवडत नाही, एवढा साधा अर्थ. शिवाय क्लच घट्ट केला की पुढची कमजोर कडी गिअरबॉक्स आणि ड्राइव्ह शाफ्ट. क्लच सरकतो तेव्हा तो थोडा फ्यूजसारखाही वागत असतो. घरचा फ्यूज उडतो म्हणून जाड तार घातली तर पुढे काय जळतं, ते सगळ्यांना माहीत आहे. आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ एकदा वाचून ठेवा, गाडीत मूळ रचनेपेक्षा वेगळे बदल करण्याबद्दल आहे. वॉरंटी आणि विम्याचा विचारही आधीच करा.

तर उत्तर

मेलबर्नच्या मित्रा, तुझं इंजिन मूळचं आहे, गाडी रोजची आहे, ट्रॅक वर्षातून दोन-तीनदा. चांगल्या उत्पादकाचा साधा, मूळ दर्जाचा २१५ मिलिमीटरचा किट घे. स्टेज ३ साठी जे जास्तीचे पैसे जाणार होते ते सील, पायलट बेअरिंग, फ्लायव्हीलचं मशीनिंग आणि नवा स्लेव्ह सिलिंडर यांत घाल. काही उरलेच तर ट्रॅकसाठी चांगले ब्रेक पॅड घे, तिथे ते जास्त उपयोगी पडतील. पुढे कधी टर्बो बसवायचा पक्का विचार असेल तरच स्टेज १ चा विचार कर, आणि त्याचा टॉर्कचा आकडा लेखी घे. सिरॅमिक तुझ्या गाडीला नको. क्लच ताकद निर्माण करत नाही, असलेली ताकद पोचवतो. १६० न्यूटन-मीटरच्या इंजिनामागे ४०० चा क्लच लावला तरी चाकांपर्यंत १६० च पोचणार, आणि उरलेलं ओझं तुझ्या डाव्या गुडघ्यावर येणार. नाकापेक्षा मोती जड कशाला?

आईला सांग, गाडी बाराशे किलोचीसुद्धा नाही आणि क्लच नवा आहे. गाडी विकायचीच ठरली, तरी चालत्या क्लचची गाडी जास्त भावात जाते. हे मात्र तिला सांगू नकोस.

पुढच्या महिन्यात ब्रेक ऑइलबद्दल. तोपर्यंत आपापल्या गाडीचं बॉनेट उघडून त्याची डबी एकदा बघा, आणि आत कोणत्या रंगाचं तेल दिसलं ते मला कळवा.